न धुतलेली लोकर

१

भोंगा वाजायच्या आत एखादी ओळ तरी विणून होईल का, एवढाच माझ्या दिवसाचा प्रश्न होता तेव्हा.

भोंगा म्हणजे आमची मुलगी. नाव छानसं शोधलं होतं, दोन्हीकडच्या माणसांनी वाद घालून ठरवलं होतं, पण ते कुणी घ्यायचंच नाही. नवरा कारखान्यात कामाला. दवाखान्यात त्यानं तिचं पहिलं रडणं ऐकलं आणि म्हणाला, "अगं, ही तर आमच्या पाळीचा भोंगा!" झालं, तेच चिकटलं. डावी मूठ वर करायची, तोंड लालबुंद करायचं आणि सुरू. दूध पाजा, ढेकर काढा, लंगोट बदला, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारा, काही म्हणून उपयोग नाही. डॉक्टर म्हणाल्या, तब्येत ठणठणीत आहे, काही मुलं रडतात. काही मुलं रडतात म्हणे! तुमच्या घरी पाठवून देऊ का, असं अगदी ओठावर आलं होतं माझ्या.

खरं सांगते, भोंगा म्हणणं मलाही सोयीचं होतं. बाकीच्या बायकांसारखं 'माझं बाळ' म्हणायला माझी जीभ वळतच नव्हती. तिच्याकडे बघितलं की मला फक्त दमल्यासारखं व्हायचं. मग स्वतःचाच राग यायचा, आणि राग आला की मी सुया हातात घ्यायचे.

विणायला निमित्त होतं. बाळंतपणात ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांना काहीतरी हातानं केलेलं द्यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंना मफलर झाला. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायचे, तिथल्या मालकीणबाईंनी रजा वाढवून दिली, त्यांना क्रोशाचं चष्म्याचं घर झालं. सासूबाई माझ्या मदतीला येऊन राहिल्या होत्या, त्यांना गुडघ्यावर घ्यायला चौकटीचौकटींची शाल चालू होती. त्या म्हणायच्या, "आधी झोप गं बाई. साऱ्या गावाला काय लोकरीत गुंडाळतेस?" त्यांचा एक कान अधू, त्यामुळे भोंग्याचा त्यांना अर्धाच त्रास.

माझा हात घट्ट आहे. विणणाऱ्या प्रत्येकीचा हात वेगळा असतो, कुणाचा सैल, कुणाचा घट्ट, अक्षर असतं तसा. मला विणकाम शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "तुझ्या स्वेटरातून वारासुद्धा परवानगी मागून जाईल." म्हणून सांगते, माझा टाका मी हजारात ओळखीन. याबाबतीत मला कुणी वेडी ठरवू नये.

२

वरच्या मजल्यावर काकू राहायच्या. टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, एकट्या, नीटनेटक्या. जिन्यात भेटल्या की हसायच्या आणि भिंतीकडे सरकून वाट द्यायच्या. एवढीच ओळख.

एका दुपारी त्या दारात उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी. भोंगा माझ्या खांद्यावर ऐन रंगात आला होता. मी ओशाळून म्हटलं, "काकू, तुम्हाला त्रास होत असेल ना हिचा? दुपारची झोप मोडत असेल."

"छे गं," त्या म्हणाल्या. "मी तर खुर्ची खिडकीपाशी घेऊन बसते. खालचा आवाज तिथं चांगला येतो."

मला वाटलं, चांगुलपणानं बोलतायत.

त्यांनी पिशवीतून एक अर्धवट विणलेली बंडी काढली. पिवळी, फिकट, अगदी तान्ह्या मुलाच्या मापाची. गळ्यापासून सुरू करून खाली विणत आणलेली, काखेच्या जरा खाली थांबलेली, उरलेला गुंडा धाग्याला तसाच. टाके अजून सुयांवरच होते. बारीक पानांची जाळी, टाका सैल आणि इतका एकसारखा की मी बघतच राहिले.

"किती सुंदर हात आहे हो तुमचा!"

"माझ्या मुलीसाठी घातले होते टाके," काकू म्हणाल्या. "मग पुढे विणायची गरज पडली नाही. तू विणतेस ना? हे उसव आणि लोकर वापर. माझ्याच्यानं उसववत नाही गं. इतकी वर्षं झाली, नुसतं टोक हातात घेते आणि परत ठेवते."

मी पिशवी घेतली. काकूंनी हात पुढे केले, तेव्हा मी मुकाट्यानं भोंगा त्यांच्या हातात दिला. वाटलं, घटकाभर तरी घेईल कुणीतरी. भोंगा त्यांच्याकडे गेला तसा आणखीनच पेटला. आणि काकू डोळे मिटून उभ्या राहिल्या. हातातलं मूल किंचाळत असताना एखादी बाई अशी उभी राहते, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांनी तिला परत दिलं, पदरानं स्वतःचा गाल टिपला आणि जिना चढून गेल्या.

सासूबाई आतून म्हणाल्या, "चांगल्या आहेत बाई."

"हो," मी म्हटलं, "चांगल्या आहेत."

३

उसवायला मला काही वाटलं नाही, हे आधीच कबूल करते. दुसऱ्याचं उसवताना हात झपझप चालतो. सुया काढल्या, टोक ओढलं, पानं एकेक करून मिटत गेली आणि सगळ्या लोकरीचा एक गुंडा झाला.

आता इथं मी चुकले. चूक म्हणजे तरी काय, कुणाला सांगितलं तर हसेल. उसवलेली लोकर तशीच विणायची नसते. तिला आधीच्या टाक्यांची वेटोळी पडलेली असतात. लड करायची, कोमट पाण्यात बुडवायची, खाली वजन बांधून वाळत टांगायची, म्हणजे धागा सरळ होतो. आमच्या बाई यावर फार कडक होत्या. "लोकरीला जुनं विसरायला वेळ द्या, मुलींनो," म्हणायच्या, आणि न धुतलेली लोकर दिसली की सुया काढून घ्यायच्या.

पण मला आंघोळीला वेळ मिळेना, तिथं लोकरीला कुठली घालू आंघोळ? गुंडा तसाच मांडीवर घेतला आणि टाके घातले. बंडीच करू म्हटलं, भोंग्यालाच. सगळ्यांना भेटी देते आहे आणि पोटच्या पोरीला अजून काही विणलं नाही, ही रुखरुख होतीच. साधी बंडी, गळ्यापासून खाली, एकाच तुकड्यात. जाळीबिळी काही नाही. असली नाजूक कामं करायला डोकं जागेवर लागतं.

दुपारी जेवणं झाली की सासूबाई आडव्या व्हायच्या, नवरा कामावर, खिडकीच्या पडद्यातून पिवळट उजेड यायचा आणि सगळ्या खोलीला एक सुस्ती चढायची. मी विणायचे, डोळे मिटायचे, पुन्हा विणायचे. जागी होते की झोपेत, तेही नीट कळायचं नाही. अशाच एका दुपारी मान सावरून खाली बघितलं तर सुईवर पानं होती.

बारीक पानांची जाळी. टाका सैल, एकसारखा.

मी उजेडात धरून बघितलं. उलट करून बघितलं. चूक सापडावी म्हणून शोधत होते. माझ्यासारख्या घट्ट हाताच्या बाईची एक तरी गाठ कुठं दिसावी! एकही नाही. सासूबाईंना हलवून उठवलं.

"आई, हे तुम्ही विणलंत?"

"मला कुठं येतं गं विणायला? सुई धरली की टाका गळतो माझा."

"मग कोणी विणलं?"

"तूच की. मघाशी मी पाणी प्यायला उठले तेव्हा विणत होतीस. चांगली गुणगुणत होतीस आपली."

मी गुणगुणत नाही. मला एक सूर धड लावता येत नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे. पण म्हटलं, असेल. झोप नाही, अंगात रक्त कमी, बाळंतिणीला काय काय होतं म्हणतात. वेटोळ्यांमुळे धागा आपोआप सैल पडत असेल. काकूंची जाळी डोळ्यांत बसली असेल, ती हातातून उतरली. कारणं काय, मागाल तेवढी सापडतात.

एक मात्र होतं. मी ते विणत असले की भोंगा गप्प असायचा.

४

बंडी पुरी झाली. टाके बंद केले, टोक काठाच्या आत लपवलं, तीन बटणं लावली. भोंग्याच्या अंगाचं माप घेऊन टाके घातले होते, आणि ही बंडी तर नुकत्या जन्मलेल्या मुलाची झाली होती. तरी घालून बघितली.

बसली. कुठंही ओढलं नाही, कुठंही सुटलं नाही.

आणि भोंगा थांबला.

थांबला म्हणजे काय, एकदम. वर केलेली मूठ अलगद खाली आली, उघडली, माझ्या बोटाला लागली. तिनं माझ्याकडे बघितलं. इतके दिवस ती माझ्या पलीकडे कुठंतरी बघत रडायची, आज माझ्याकडे बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागेल माझीच!" आणि खरंच तोंड फिरवून बसल्या.

नवरा कामावरून आला तो दारातच थबकला. "काय झालं? ती कुठंय?"

"इथंच आहे. माझ्या मांडीवर."

"मग आवाज?"

"बंद."

"बिघडली की काय?" म्हणाला आणि स्वतःच हसला. पण आधी जवळ येऊन तिचा श्वास बघितला. बघून मगच बूट काढले.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, आणि आठवतात ते सगळे पिवळ्या उजेडातले. घर शांत. मी झोपले, पोटभर झोपले. केस धुतले. गरम चहा गरमच प्यायले. ती पडून असायची आणि मी जिथं जाईन तिकडे तिची नजर यायची. दूध जेमतेम चार घोट घ्यायची आणि नको म्हणायची, पण तक्रार नाही. एकदा तिच्या पायाची बोटं पुसता पुसता माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं बाळ ते."

ऐकून माझं मलाच हसू-रडू आलं. आलं एकदाचं जिभेवर, म्हटलं. आता मी आई झाले.

आंघोळीला बंडी काढायचे, तेव्हाही ती शांतच. पाण्यात सोडली तरी शांत. अंग थोडं गार लागायचं, एवढंच. सासूबाई म्हणायच्या, उन्हाला धरत जा जरा.

५

तिला मांडीवर घेऊन बसले होते. चौकटींच्या शालीचं काम हातात होतं. आणि अचानक पान्हा फुटला. पुढचं सगळं ओलं झालं.

ज्यांना मुलं झालीत त्यांना हे सांगायला नको. पोर रडलं की बाईचं दूध आपोआप उतरतं, तिच्या मनात असो नसो. भोंग्याच्या दिवसांत मला दिवसातून कितीतरी ब्लाऊज बदलायला लागायचे. पण ही पोर गप्प झाल्यापासून ते थांबलं होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, ओढत नाही म्हणून आटत असेल. आणि आता ती मांडीवर डोळे उघडे ठेवून गप्प पडली होती, आणि माझं दूध वाहत होतं.

मी हातातलं काम थांबवून कान दिला.

वर कुणीतरी रडत होतं. लांबून, मधे भिंती-फरश्या असाव्यात तसं. धाप लागेपर्यंत रडणं, मग एक उचकी, मग पुन्हा वरच्या पट्टीत. ती उचकी मी कुठंही ओळखली असती.

"आई, वर कुणाचं बाळ रडतंय?"

सासूबाईंनी चांगला कान पुढे केला. "मला नाही बाई काही ऐकू येत. काकूंकडे कुठलं आलं बाळ?"

"पाहुणे असतील."

"असतील."

मी मांडीवरच्या पोरीला छातीशी धरलं. तिनं तोंड लावलं नाही. माझ्याकडे बघत राहिली फक्त, आणि माझं दूध तिच्या पिवळ्या बंडीवर ठिबकत राहिलं. मी मनाशी घोकत होते की कानाचे भास असतात, रडण्याची सवय झालेल्या कानाला शांततेतही रडणं ऐकू येतं, कारखान्यातून आल्यावर नवऱ्याच्या डोक्यात मशीन चालू असतंच ना. कान फसेल. छाती कशाला फसेल?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "देवानं चार दिवस शांतता दिलीय तर तुला ती सोसवत नाही का गं?" रागानं नाही म्हणाला, दमून म्हणाला. मग माझा चेहरा बघून डोक्यावर हात ठेवला. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तुझ्यासाठी."

रडणं दुसऱ्या दिवशीही होतं. दुपारी, खिडकीपाशी गेलं की जास्त.

६

"मी आलेच," असं सासूबाईंना सांगून, त्यांच्या मांडीवर तिला ठेवून मी वर गेले. जिन्यात उचकी स्पष्ट ऐकू येत होती. मी दारावर थाप मारली.

काकूंनी दार अर्धं उघडलं आणि अर्ध्या दारात उभ्या राहिल्या. त्यांना ओळखायलाच मला क्षणभर वेळ लागला. नेहमी चापूनचोपून असणाऱ्या बाईचे केस सुटलेले, डोळ्यांखाली काळं, आणि खांद्यावर पांढरट ओला डाग. ढेकर काढताना मूल ओकतं, तसला. माझ्या सगळ्या कपड्यांवर तसले डाग होते. आणि चेहरा इतका आनंदी की माझ्या अंगावर काटा आला.

"ये ना," म्हणाल्या, पण दारातून हलल्या नाहीत.

"काकू, कोण रडतंय?"

"ऐकू येतं तुला?"

"येतं."

"किती छान रडते नाही?" काकू म्हणाल्या. "घसा म्हणून दुखत नाही तिचा. मी झोपलेच नाहीये गं. एक मिनिट डोळा लागू देत नाही, द्वाड!"

"काकू, कुणाचं बाळ आहे?"

त्यांच्या खांद्यावरून मला आतल्या खोलीचं दार दिसत होतं, आणि दारातून पलंगाचा कोपरा. पडदा वाऱ्यानं पुढे आला, मागे गेला. चादरीच्या घडीमागून एक मूठ वर आली. डावी. थरथरली, खाली गेली. पुन्हा वर आली. बाकी काही दिसलं नाही मला. पडदा आला आणि काकूंनी दार थोडं आणखी ओढून घेतलं.

पाय पुढे टाकावा तर हलेना. काकूंनीच माझ्या दंडाला हात लावला, हळूच, मायेनं.

"तुझी खाली शांत आहे ना? गुणी आहे ती. फार गुणी. जा, तिच्याजवळ बस. तिला एकटं ठेवू नको."

दार लागलं. आतून गुणगुणणं ऐकू आलं.

७

जिना कसा उतरले ते सांगता येणार नाही. सासूबाईंच्या मांडीवरून तिला उचललं आणि पलंगावर ठेवलं. कात्री घेतली.

"अगं, काय करतेस?" सासूबाई ओरडल्या.

"उसवते."

"पोरीच्या अंगावर? डोकं फिरलं का तुझं? काढून तरी घे आधी!"

पण काढून काय होणार होतं? रोज काढतच होते. मी काठ उलटा करून टोक शोधायला लागले. टोक मी नेहमी एकाच जागी लपवते, काठाच्या आत, डावीकडे. हात आपोआप तिथं जातो. तिथं काही नव्हतं. सगळा काठ बोटांनी चाचपला. टोकच नव्हतं. ज्या बाईला आपण लपवलेलं टोक सापडत नाही, तिनं ते विणलेलंच नसतं. भास, अशक्तपणा, वेटोळी, इतके दिवस जमवलेली सगळी कारणं तिथं संपली.

विणकामाला कात्री लावायची नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. मी काठ कचकन कापला आणि ओढला.

धागा सुटला. मला वाटलं होतं वेटोळ्यांचा येईल, कुरळा. तो अगदी सरळ येत होता, आणि ओलसर. एक ओळ गेली. वरचं रडणं थांबलं. माझा हातही थांबला. मग ते पुन्हा ऐकू आलं, पण आता छतातून नाही, जिन्यातून. मी ओढत राहिले. पोटावरची पानं मिटत गेली, रडणं उतरत आलं, एकेक पायरी.

ती रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती. आणि हसली. आयुष्यातलं पहिलं हसू, बिनदाताचं, मलाच बघून आलेलं. तिनं माझं बोट धरलं.

"आई गं," मी म्हटलं. कुणाला म्हटलं कोण जाणे.

सासूबाई मागे काहीतरी बोलत होत्या, मला खेचत होत्या. मी एका हातानं उसवत होते आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या मुठीत होतं. सोडवून घेता आलं असतं. नाही घेतलं. छातीपर्यंत आले, मग काखेपर्यंत, मग गळ्याची एकच ओळ उरली, आणि रडणं आमच्या दाराशी. मला ती हवी होती. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. दाराबाहेर माझी स्वतःची पोर आक्रोश करत होती आणि मला ही, गार बोटांची, हवी होती. तिलाच मी पहिल्यांदा माझं बाळ म्हटलं होतं.

"जा आता, सोने," मी म्हटलं आणि शेवटची ओळ ओढली.

बोटावरची पकड सुटली नाही. गार होती ती गरम झाली, घामट झाली, एकदम जोर आला तिला. आणि पलंगावरून असा काही आवाज निघाला की सासूबाई मागे सरल्या. तोंड लालबुंद, डावी मूठ वर, धाप, उचकी.

"झाली सुरू!" सासूबाई म्हणाल्या. "शांत पोर रडवून ठेवलीस!"

मी तिला छातीशी ओढलं. तिनं असं धरलं की मी कळवळले. कित्येक दिवसांची उपाशी होती.

८

ती पीत असतानाच दारावर थाप पडली. सासूबाईंनी उघडलं.

काकू होत्या. केस सुटलेलेच, पण चेहऱ्यावरचं सगळं उतरलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पलंगावरच्या पिवळ्या धाग्याकडे. मला वाटलं, आता ओरडतील. मी भोंग्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं. काही झालं तरी देणार नव्हते.

"उसवलंस?" काकूंनी विचारलं.

"हो."

"बरं केलंस. मीच सांगितलं होतं ना." त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. धागा गोळा करून बोटांभोवती गुंडाळायला लागल्या. गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "दवाखान्यात सगळ्या माझ्याभोवती उभ्या होत्या. म्हणत होत्या, रडेल, आता रडेल. पाठीवर मारून बघितलं. उलटी धरून बघितलं. मला ती बघू पण नीट दिली नाही. मी नुसता कान लावून पडले होते."

सासूबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

काकूंनी गुंडा मुठीत घेतला आणि माझ्याकडे वळल्या. "उसवताना रडली का गं ती?"

काय सांगायचं होतं मी? ती हसली, हे? मला बघून हसली, हे? तुमची मुलगी मला आई समजून हसली, असं त्या बाईला कसं सांगायचं?

"रडली, काकू," मी म्हटलं. "खूप रडली."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. सगळ्या घराला ऐकू जाईल इतकी."

काकूंनी मान हलवली. पुन्हा हलवली. मग उठल्या, गुंडा छातीशी धरला, भोंग्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं सावकाश वाजली. वरचं दार उघडलं आणि लागलं.

मी टेकून बसले. आपण वाईट काही केलं नाही, असं मनाला समजावत होते. थकल्याभागल्या म्हाताऱ्या बाईला दोन गोड शब्द दिले. त्यानं कुणाचं काय जातं?

भोंगा घुटके घेत पीत होता. सासूबाई खोली आवरायला लागल्या, पडलेली कात्री उचलली. मग पाठमोऱ्याच एकदम थांबल्या. आपला चांगला कान त्यांनी छताकडे केला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"किती रडवशील गं तिला?" त्या म्हणाल्या. "घे की जवळ."

"जवळच आहे, आई," मी म्हटलं. "ही नाही रडत."